अरिष्ट आणि राखण

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला पिकाचा प्रत्येक रोग दोन नावांनी भेटतो. घरच्या बोलण्यात गव्हावर पडतो तो तांबेरा. जवळच्या डबरा गावचा शेतकरी त्यालाच गेरुई म्हणतो, आणि कृषी खात्याच्या पत्रकात रतुआ छापलेला असतो. आपला करपा इकडे झुलसा होतो. आपल्याकडे हरभरा मरतो, म्हणून रोगाचे नाव मर. इकडे तो उकठतो, म्हणजे उभ्या उभ्या वाळून काठ होतो, म्हणून उकठा. बाजरीच्या कणसातून चिकट रस गळू लागला की दक्षिणेत चिकटा, चंबळच्या काठी चेंपा.

या जोड्यांतली सर्वांत देखणी जोडी बाजरीचीच आहे. एका रोगात बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी बारीक, वळलेली हिरवी पाने फुटतात आणि कणीस जटा वाढल्यासारखे दिसू लागते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने या रोगाला नाव दिले गोसावी. भिंड-मुरैन्याकडचा शेतकरी म्हणतो जोगिया. एक शब्द गोस्वामीवरून आला, दुसरा योग्यावरून. मधे सातपुडा, विंध्य आणि नर्मदा. कोणी कोणाचे भाषांतर केले असेल असे वाटत नाही. दोघांनी एकच कणीस पाहिले आणि दोघांना एकच बैरागी आठवला. ग्वाल्हेर घराण्याच्या या गावात जोगिया म्हटले की आधी राग आठवतो, मग भगवा रंग. बाजरीचा जोगिया शहराला ठाऊक नसतो. पण ग्वाल्हेरच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन चालते, आणि तिथे या शब्दाचा रागदारीशी काही संबंध नाही. १९६५ च्या सुमारास बाजरीचे पहिले संकरित वाण आले, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत या जोगियाने त्या नव्या पिकाची दाणादाण उडवली.

ही सगळी नावे डोळ्याने ठेवलेली आहेत. तांबेरा म्हणजे तांब्याच्या रंगाचा. भुरी म्हणजे भुरकट. केवडा म्हणजे केवड्याच्या पानासारखा पिवळट-पांढरा. काणी या शब्दाचे नाते काण्याशी दिसते: ज्या दाण्याचा डोळा गेला तो दाणा. करपा आणि झुलसा यांत आगीची धग आहे, पण तीही डोळ्यालाच दिसलेली.

यांतल्या गेरुईजवळ ग्वाल्हेरकराने थोडे थांबावे. गेरुई गेरूवरून, गेरू संस्कृत गैरिकावरून, आणि गैरिक गिरीवरून: डोंगरात सापडते ते गैरिक. आता ग्वाल्हेर. ग्वालिपा नावाच्या सिद्धाने सूरजसेन राजाचे कुष्ठ बरे केले आणि राजाने गावाला त्याचे नाव दिले, ही कथा इथे सगळ्यांना पाठ असते. पण किल्ल्यावरच्या जुन्या लेखांत या डोंगराची नावे गोपगिरी, गोपाद्री, गोपाचल अशी येतात, आणि भाषेच्या अंगाने पाहिले तर ग्वालियरच्या शेपटीत गिरीच शिल्लक आहे. मराठीने साल्हेर-मुल्हेरच्या चालीवर त्याचे ग्वाल्हेर केले असावे. म्हणजे गावाचे नाव आणि गावच्या गव्हावर पडणारा रोग, दोघांचे मूळ एकाच शब्दात.

योगायोग इथे संपत नाही. ग्वाल्हेरपासून तीन तासांवर आग्रा. तिथल्या आग्रा कॉलेजात करमचंद मेहता नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गहू कापून झाल्यावर तांबेऱ्याची बुरशी कुठे जाते आणि पुढच्या हिवाळ्यात कुठून येते, या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य घालवले. मैदानातल्या मे-जूनच्या उन्हात तिचे बीजाणू जगत नाहीत हे त्यांनी दाखवले. मग ती उरते कुठे? डोंगरात. उत्तरेत हिमालयाच्या थंड उतारांवर, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या टेकड्यांवर उन्हाळ्यातही गहू असतो. तिथे ती तग धरते आणि थंडी पडली की वाऱ्यावर स्वार होऊन खाली येते. मेहतांचा प्रबंध १९४० साली प्रसिद्ध झाला. ज्याने गेरुई हे नाव ठेवले त्याच्या मनात फक्त रंग होता. पण शब्दाच्या पोटात गिरी होता, आणि रोगही गिरीवरूनच येत होता.

याच रोगाने मेहतांच्या प्रबंधाच्या शंभरेक वर्षे आधी नर्मदेच्या खोऱ्यातला गहू साफ केला होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ओळखला जाणारा विल्यम स्लीमन तेव्हा जबलपूरकडे होता. पुढे १८४३ साली तो ग्वाल्हेर दरबारी रेसिडेंट म्हणून आला. १८४४ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गव्हावरच्या या संकटाला वेगळी जागा आहे. लोकांनी त्याचे खापर माणसांच्या पापांवर आणि नव्या राज्यकर्त्यांच्या वागण्यावर फोडले, असे त्याने नोंदवले आहे. रोमन लोकही फार वेगळे नव्हते. त्यांनी या रोगाचा रोबिगस नावाचा देवच मानला आणि दरवर्षी २५ एप्रिलला त्याला कुत्र्याचा बळी दिला. लॅटिनमध्ये लोखंडाचा गंज आणि गव्हाचा रोग यांना एकच शब्द, इंग्रजीतही एकच. मराठीने मात्र दोन्ही वेगळे ठेवले: लोखंडाला गंज चढतो, गव्हावर तांबेरा पडतो. रतुआतला रत म्हणजे प्राकृतातला रत्त, संस्कृतातला रक्त. मूळ धातू रंगवण्याचा. रंग, रक्त आणि रतुआ हे एकाच हौदातून निघालेले.

जमिनीच्या वर इतकी शब्दसंपत्ती आहे. मुळांशी उतरताच ती आटते.

मुळांच्या रोगाला पुस्तकात मूळकुज म्हणतात, हिंदीत जड़ गलन. दोन्ही शब्द नेमके आहेत, पण ते वर्गात घडलेले आहेत. त्यांना शेताचा वास नाही. शेतकऱ्याने स्वतः ठेवलेली नावे पाहावीत तर ती मुळाची नसून परिणामाची असतात. मर आणि उकठा ही अशीच नावे. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या रब्बी ज्वारीवर, दाणा भरण्याच्या वेळी जमिनीतली ओल तुटली की, एक बुरशी मुळांतून शिरते आणि ताटाचा आतला गाभा पोखरत वर चढते. या रोगाला खडखड्या म्हणतात. मूळ दिसत नाही, बुरशी दिसत नाही. वाळक्या, पोकळ ताटाचा आवाज तेवढा ऐकू येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गव्हाच्या मुळांना काळे पाडणारा एक रोग आला. तिथल्या वसाहतकऱ्यांनी त्याला टेक-ऑल म्हटले, म्हणजे सगळेच घेऊन जाणारा. त्यांनाही मुळात काय चालले आहे ते दिसले नाही. शेत रिकामे झालेले दिसले.

खुद्द हिंदीतला जड़ हा शब्द जटेवरून आला आहे. संस्कृतात जटा म्हणजे गुंतलेले केस आणि गुंतलेली मुळेही. गहू, ज्वारी, बाजरी, मका यांची मुळे तशीच असतात. मराठी पाठ्यपुस्तके त्यांना तंतुमुळे म्हणतात. तुरीसारखे एकच जाड मूळ खाली जात असेल तर ते सोटमूळ, सोट्यावरून. तृणधान्याचे रोप म्हणजे खाली जटाधारी. जोगिया पडला तर वरही.

या जटांनी स्वतःच्या बचावासाठी काय केले आहे हे माणसाला कळायला विसावे शतक उजाडावे लागले. त्यामुळे त्या गोष्टींची नावे शेतात पडली नाहीत, प्रयोगशाळेत पडली.

त्यातली सर्वांत स्वच्छ गोष्ट जईची. जई म्हणजे ओट. ग्वाल्हेरच्या आसपास ती चाऱ्यासाठी पेरतात आणि तिची रानटी बहीण गव्हात तण म्हणून उगवते. गव्हाचे मूळ खाऊन टाकणारी टेक-ऑलची बुरशी जईच्या मुळाशी आली की थबकते. जईच्या मुळाच्या टोकाशी, बाहेरच्या थरातल्या पेशींत, एक द्रव्य साठवलेले असते. लॅटिनमध्ये जईला आव्हेना म्हणतात, म्हणून त्याचे नाव अ‍ॅव्हेनासिन. अतिनील प्रकाशात धरले तर जईचे मुळाग्र निळे चमकते, ते या द्रव्यामुळे. बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणात स्टेरॉल नावाचे मेदासारखे घटक असतात. अ‍ॅव्हेनासिन त्यांना चिकटते आणि आवरणाला भोके पडतात. गव्हाला हे द्रव्य बनवता येत नाही.

इंग्लंडमधल्या नॉरिच इथे अ‍ॅन ऑस्बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कथेची दोन्ही टोके तपासली. एक टोक बुरशीचे. टेक-ऑलच्या बुरशीचा एक प्रकार जईलाही खातो, कारण त्याच्याकडे अ‍ॅव्हेनासिनला जोडलेली साखर कापून काढणारे विकर असते. साखर गेली की द्रव्य निष्प्रभ. १९९५ साली त्या बुरशीतून हे विकर बनवणारे जनुक निकामी केले, तर ती गव्हावर पूर्वीसारखीच पडली, जईपुढे मात्र हतबल झाली. दुसरे टोक वनस्पतीचे. ज्यांची मुळे निळी चमकत नाहीत अशी जईची रोपे त्यांनी हेरून काढली. १९९९ साली दिसून आले की ही रोपे टेक-ऑललाच नव्हे, इतर बुरशींनाही बळी पडतात.

आता अ‍ॅव्हेनासिन कोणत्या कुळातले द्रव्य आहे ते पाहू, कारण शब्दचर्चेला खरे खाद्य तिथे आहे. रसायनशास्त्र त्याला सॅपोनिन म्हणते. लॅटिन सापो म्हणजे साबण. पाण्यात घुसळली की फेस करतात ती सॅपोनिने. आपल्याकडची ओळखीची उदाहरणे रिठा आणि शिकेकाई. रिठ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव सॅपिंडस, आणि तेही सापो इंडिकस म्हणजे हिंदुस्थानी साबण यावरून बनलेले. म्हणजे लॅटिनने रिठ्याच्या गुणाला नाव दिले ते धुण्याच्या दगडावरून. आपण रिठ्याला रिठा का म्हणतो?

रिठा आला अरिष्टावरून. संस्कृतात या झाडाला अरिष्ट किंवा अरिष्टक म्हणतात; प्राकृतात त्याचे अरिट्ठ झाले, पुढे सुरुवातीचा अ गळला आणि रिठा उरला. अरिष्टातला धातू रिष्, म्हणजे इजा होणे. रिष्ट म्हणजे इजा झालेले, अरिष्ट म्हणजे इजा न झालेले, सुरक्षित. वैदिक भाषेत हा शब्द याच शुभ अर्थाने येतो. ज्याच्या चाकाची धाव कधी भंगत नाही तो अरिष्टनेमी. जैनांच्या बाविसाव्या तीर्थंकरांचेही हेच नाव. नेमिनाथ हे त्याचे छोटे रूप. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यांत ज्या प्रचंड जैन मूर्ती कोरल्या गेल्या त्यांत नेमिनाथही आहेत.

मग आजच्या मराठीत अरिष्ट म्हणजे संकट कसे? घरावर अरिष्ट आले, अरिष्ट टळले, असे आपण सहज म्हणतो. संस्कृतातच हा शब्द उलटला. मरणाची चिन्हे दाखवणारे ते अरिष्ट, असा वैद्यकातला अर्थ जुना आहे. अशुभाचे नाव थेट घेऊ नये म्हणून त्याला शुभ नाव द्यायचे, ही आपली सवय त्यामागे असावी. दिवा मालवला असे न म्हणता आपण त्याला निरोप देतो, दुकान बंद न करता वाढवतो. शिवाय वैद्याच्या कपाटातली द्राक्षारिष्ट, अशोकारिष्ट ही आंबवलेली औषधे आहेतच, आणि ती आंबवणारे यीस्टही बुरशीच्याच कुळातले. कडुनिंबालाही अरिष्ट हे नाव आहे. म्हणजे एका शब्दात सुरक्षितता, संकट, औषध आणि कडू झाड एवढे सगळे नांदते. कोशात हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक दिले की भाषेने गोंधळ घातला असे वाटते. मुळांच्या रसायनाकडे पाहिले की तो गोंधळ वाटेनासा होतो.

कारण तिथेही तेच आहे. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातले थंड देशांतले धान्य. त्याच्या कोवळ्या रोपात फ्युजेरियम या बुरशीला रोखणारा घटक फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९५५ च्या सुमारास ओळखला. रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना आधीच, १९४५ साली, मिळाले होते. या घटकाचे भाऊबंद पुढे गव्हात आणि मक्यातही सापडले. त्यांतल्या प्रमुख द्रव्याला डिमबोआ म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती शोधण्यात अर्थ नाही. लांबलचक रासायनिक नावाची आद्याक्षरे जोडून तो झाला आहे. पण त्याची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. रोप हे द्रव्य साखरेला बांधून निरुपद्रवी रूपात ठेवते, आणि साखर तोडणारे विकर पेशीत दुसरीकडे. सुपारी डब्यात, अडकित्ता फडताळात. बुरशीने किंवा किडीने पेशी फोडली की दोन्ही एकत्र येतात आणि विष तयार होते. २०१८ पासून आपल्या मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मात्र यावर तोड काढली आहे: ती त्या द्रव्याला पुन्हा साखर जोडून ते पचवते. लष्कर हे ज्या शहराच्या एका भागाचेच नाव आहे, कारण १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ तिथे पडला आणि उठलाच नाही, तिथल्या माणसाला लष्कराचा हा चिवटपणा नवा वाटणार नाही.

ज्वारीची गोष्ट आणखी दुधारी. कोवळ्या ज्वारीत किंवा पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या ज्वारीत गुरे सोडू नयेत हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामागचे द्रव्य डन्स्टन आणि हेन्री या दोघांनी १९०२ साली वेगळे काढले. तेही साखरेला बांधलेले असते. पान चघळले गेले की त्यातून सायनाइड सुटते. त्याला त्यांनी धुरीन नाव दिले. हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. इजिप्त-सुदानकडचा अरब शेतकरी ज्वारीला दुर्रा म्हणतो, त्यावरून तो आला. रसायनशास्त्राच्या कोशात शेतकऱ्याचा शब्द शिरल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण. दुसरे जपानचे. भाताच्या तुसातून १९७३ साली तिथे काही द्रव्ये वेगळी काढली गेली. तुसासकट भाताला जपानीत मोमी म्हणतात, म्हणून ती मोमिलॅक्टोने. भाताची मुळे ती जमिनीत सोडतात, आणि शेजारच्या तणाची वाढ रोखणे व करप्यासारख्या बुरशीला अडवणे ही दोन्ही कामे ती करतात, असे नंतर दिसून आले. मोमी आणि दुर्रा रसायनाच्या दरबारात पोहोचले. जोंधळ्याला आणि साळीला ते भाग्य लाभले नाही.

रोप आधीच साठवून ठेवते ती द्रव्ये आणि हल्ला झाल्यावर तातडीने बनवते ती द्रव्ये, असा भेद शास्त्रज्ञ करतात. दुसऱ्या प्रकाराला १९४० साली म्युलर आणि बॉर्गर या जर्मन संशोधकांनी बटाट्यावर काम करताना नाव दिले फायटोअ‍ॅलेक्सिन. पहिल्या प्रकाराला नाव मिळायला १९९४ उजाडले. ते फायटोअँटिसिपिन, म्हणजे आधीच तयारीत असलेले. जईचे अ‍ॅव्हेनासिन या पहिल्या गटातले.

फायटोअ‍ॅलेक्सिन हा शब्द जिभेला परका वाटतो, पण त्याचा उत्तरार्ध आपल्या घरचा आहे. ग्रीक अलेक्सेइन म्हणजे रक्षण करणे, दूर ठेवणे. हा ग्रीक धातू आणि संस्कृत रक्ष् हे एकाच आदिम धातूचे दोन अपत्यशब्द आहेत. ग्रीकमध्ये त्यातून पुरुषांचा रक्षक या अर्थी अलेक्झांडर झाला, फारसी-अरबीच्या वाटेने तो सिकंदर झाला, आणि ग्वाल्हेरच्या तोमरांना आयुष्यभर छळणारा सिकंदर लोदी त्याच नावाचा. संस्कृतात रक्ष् पासून रक्षण झाले, हिंदीत रखना आणि रखवाला, मराठीत राखणे, राखण, राखणदार. माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकणारा मुलगा जे करतो त्याला आपण राखण म्हणतो. जर्मन शास्त्रज्ञांनी ग्रीक कोशातून जो धातू उचलला, तो हाच.

आणि इथेही दुसरी बाजू आहेच. राक्षस हा शब्दही परंपरेने रक्ष् कडेच नेला जातो. रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे: प्रजापतीने प्राणी निर्माण केले आणि त्यांना पाण्याचे रक्षण करायला सांगितले. ज्यांनी आम्ही रक्षण करू म्हटले ते राक्षस झाले, ज्यांनी आम्ही पूजन करू म्हटले ते यक्ष. रक्षण करायला ठेवलेलाच पुढे ज्याच्यापासून रक्षण करायचे तो झाला. शब्दाचा हा प्रवास अरिष्टाच्याच दिशेने झाला, वाटही तीच आहे.

ज्वारीच्या पानावर लाल-जांभळे डाग पडतात. बुरशीने पान धरले आणि त्यामुळे रंग आला, एवढे डोळ्याला दिसते, आणि आपण त्याला रोग म्हणून मोकळे होतो. १९९० साली स्नायडर आणि निकल्सन यांनी दाखवले की बुरशी जिथे शिरते तिथल्याच पेशींत ज्वारी ही तांबूस रंगद्रव्ये तयार करते, आणि ती बुरशीला मारक असतात. डाग रोगाचा नव्हता, राखणीचा होता. रोगांची सगळी नावे डोळ्याने ठेवली, असे वर म्हटले. हा त्या पद्धतीचा तोटा. डोळ्याला चोर आणि पहारेकरी वेगळे ओळखता येत नाहीत.

मुळे फक्त हाकलतात असेही नाही, ती बोलावतातही. ज्वारीच्या मुळांवर जगणारे एक जांभळट-गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचे बांडगुळी तण आहे. आपण त्याला टारफुला म्हणतो, हिंदीत अगिया. अगिया म्हणजे आग लावणारे. पीक करपल्यासारखे दिसते म्हणून. टारफुल्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहते आणि ज्वारीच्या मुळातून झिरपणारे एक द्रव्य जाणवले तरच उगवते. त्या द्रव्यांना टारफुल्याच्याच लॅटिन नावावरून, स्ट्रायगावरून, स्ट्रिगोलॅक्टोने म्हणतात. मूळ आपल्या वैऱ्यासाठी असा सांगावा का धाडते, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. २००५ साली जपानी संशोधकांनी उत्तर दिले: तो सांगावा मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या मित्रबुरशीसाठी असतो, टारफुला चोरून ऐकतो. द्रव्याला नाव मात्र चोरावरून पडले, ज्याच्यासाठी निरोप होता त्याच्यावरून नाही. नाव ठेवण्याचा मान जो आधी नजरेस पडतो त्याला मिळतो, मग खरे नाते कोणाशीही असो.

चंबळच्या पट्ट्यात बाजरीनंतर रब्बीत गहू असतो आणि मोहरीही. मुरैना तर मोहरीचाच जिल्हा. मोहरी वाटली की नाकात जो झणका जातो त्यामागेही तीच व्यवस्था आहे: साखरेला बांधलेले द्रव्य एकीकडे, विकर दुसरीकडे. मोहरीची मुळे जमिनीत कुजताना हाच झणका मातीत सुटतो. ऑस्ट्रेलियात जॉन कर्कगार्ड यांनी मोहरी वर्गातल्या पिकानंतर घेतलेल्या गव्हात टेक-ऑलचा उपद्रव का घटतो हे तपासताना या परिणामाला १९९३ साली बायोफ्युमिगेशन असे नाव दिले. मराठीत याला जैवधूपन म्हणता येईल. धूप शब्द त्यातही दुहेरी काम करतो: देवापुढे दरवळतो, आणि धान्याच्या कोठारात किडे मारतो.

आता परिभाषेचा प्रश्न. मराठी पाठ्यपुस्तके या द्रव्यांना कधी वनस्पतिजन्य विषे म्हणतात, कधी इंग्रजी नाव देवनागरीत उतरवून पुढे जातात. विष हा शब्द इथे तोकडा पडतो, कारण तो एकाच बाजूने बोलतो. धुरीन बैलाला विष आणि ज्वारीला कवच. अ‍ॅव्हेनासिन एका बुरशीला मरण आणि दुसरीला साखर तोडून गिळायचा घास. ज्या वस्तूचा अर्थ कोण पाहतो त्यावर फिरतो, तिला दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द हवा. साठवून ठेवलेल्या द्रव्यांसाठी अरिष्ट हा शब्द मला त्यामुळेच योग्य वाटतो. इजा होऊ न देणारे आणि इजा करणारे, दोन्ही अर्थ त्यात आहेत, आणि सॅपोनिनच्या घराण्याशी त्याचे रिठ्याकडून जुने सोयरसंबंधही आहेत. वर्गातल्या मुलाला तो संकटाचा शब्द म्हणून ठाऊक असेल. शिक्षकाने जुना अर्थ सांगितला की धडा निम्मा झाला.

फायटोअ‍ॅलेक्सिनसाठी राखणद्रव्य म्हणावे. कोणी म्हणेल हे शास्त्रीय वाटत नाही, फार गावठी आहे. पण जो धातू ग्रीकमधून आला म्हणून प्रयोगशाळेत शास्त्रीय ठरतो, तोच माळ्यावरच्या पोराच्या तोंडी आला म्हणून गावठी कसा ठरेल? राखणद्रव्य हे त्या शब्दाचे भाषांतर नाहीच. तो मुळात आपल्याही घरचा शब्द आहे, फक्त प्राकृताच्या वाटेने पायी आलेला.